देणाऱ्यावाचून दत्तक

यवतमाळहून आर्णीच्या वाटेने दक्षिणेकडे निघालं की पैनगंगा लागते. नदीपल्याड माहूर. जिल्हा नांदेडचा, पण ओढ सगळ्या यवतमाळची. एका डोंगरावर रेणुका, दुसऱ्या शिखरावर दत्त. तिथून आणलेली तसबीर जिल्ह्यातल्या घराघरांत भिंतीवर टांगलेली दिसते: तीन शिरं, सहा हात, मागे गाय, पायाशी चार कुत्री. ही कुत्री म्हणजे चार वेद, असं घरातल्या लेकरांना सांगितलं जातं. तसबिरीतली कुत्री अंगाने भरलेली असतात, केस तुकतुकीत, माना वर.

त्याच भिंतीला लागून असलेल्या बाजेखाली एक पाचवं कुत्रं आहे, असं धरून चालू. पाठीवर केस नाहीत. कातडी जाड, भेगाळलेली. खरजेने कानांच्या कडांवर खपल्या धरल्यात आणि कानात गोचिडं, रक्त पिऊन टम्म फुगलेली. चार दिवसांपूर्वी ते बसस्टँडच्या मागे पडून होतं. आता घरात आहे, पण घर म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही. कोणी झाडू उचलला की ते भिंतीला चिकटतं. कुस्करलेली भाकर पुढ्यात ठेवली, तर माणूस बघत असेपर्यंत तोंड लावत नाही. रात्री दिवा मालवला की मग लपलप ऐकू येते.

शेजारीण दारातूनच म्हणते, ‘हे काय आणून ठेवलं वं माय घरात?’ घरातलं म्हातारं माणूस जरा वेगळं बोलतं: ‘दया करा, पण माया लावू नका.’

म्हाताऱ्याच्या या एका वाक्यात धर्मविचाराचा एक फार जुना पेच दडला आहे. मराठीत ‘माया’ म्हणजे जिव्हाळा आणि ‘माया’ म्हणजे भ्रमही. आईची माया तीच आणि वेदान्त्याची मायाही तीच, शब्द एकच. आजारी मुका जीव घरात घ्यावा, तर ती करुणा की मोहाची पहिली पायरी? आपल्या परंपरेने या प्रश्नाला दोन उत्तरं दिली आहेत आणि ती एकमेकांच्या उलट आहेत.

पहिलं उत्तर महाभारताचं. या ग्रंथाच्या सुरुवातीलाच, आदिपर्वात, एक कुत्रं मार खातं. जनमेजयाच्या यज्ञमंडपात सरमेचं पिल्लू शिरतं. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावलेलं नसतं, तरी राजाचे भाऊ त्याला बडवतात. सरमा ही देवांची कुत्री. ती येऊन विचारते, माझ्या लेकराचा अपराध काय? कोणाकडेच उत्तर नसतं आणि ती राजाला शाप देऊन जाते. पुढे ग्रंथात अठरा दिवसांचं युद्ध येतं, राज्यं बुडतात. शेवटी महाप्रस्थानिक पर्वात पुन्हा एक कुत्रं येतं. पांडव हस्तिनापूर सोडून हिमालयाकडे निघाले तेव्हापासून ते मागे मागे चालत असतं. द्रौपदी पडते, चौघे भाऊ पडतात, कुत्रं चालतच राहतं. इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला सोडून चल म्हणतो. धर्मराज नाही म्हणतो. तू भावांना सोडलंस, बायकोला सोडलंस, मग या कुत्र्यात काय आहे, असं इंद्र विचारतो. धर्मराजाचं उत्तर तर्काला घट्ट आहे: ते मेले होते, त्यांना परत उठवणं माझ्या हाती नव्हतं. हे जिवंत आहे आणि माझ्या आसऱ्याने आलं आहे.

या कुत्र्याला नाव नाही. सबंध प्रवासात धर्मराजाने त्याला गोंजारल्याचं कुठे लिहिलेलं नाही. त्याने ते पाळलंही नव्हतं. त्याने फक्त त्याला सोडलं नाही.

दुसरं उत्तर भागवताच्या पाचव्या स्कंधात आहे आणि ते भलतंच कठोर आहे. भरत राजा राज्य टाकून गंडकीकाठी तप करत असतो. गाभण हरिणी पाण्यावर येते, सिंहाची डरकाळी ऐकून उडी मारते, पोटातलं पाडस प्रवाहात पडतं आणि हरिणी मरते. भरत ते पाडस उचलून आश्रमात आणतो. आजच्या भाषेत, रेस्क्यू करून आणतो. त्याला चारतो, अंगाखांद्यावर खेळवतो. हळूहळू स्नान-संध्या सुटते, पूजा सुटते. पाडस रानात गेलं की जीव खालीवर होतो. मरणाच्या वेळी मनात परमेश्वर नसतो, पाडस असतं. पुढचा जन्म हरणाचा मिळतो.

म्हणजे एकाला मुका जीव न सोडल्याबद्दल सदेह स्वर्ग आणि दुसऱ्याला मुका जीव सांभाळल्याबद्दल पशुयोनी. दोघांनीही अनाथ जनावराला आसराच दिला होता. मग चुकलं कुठे?

खुद्द दत्ताकडे हा प्रश्न नेला, तर तिथेही एक गंमत दिसते. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. परंपरा त्या अवधूताला दत्त मानते आणि एकनाथांच्या भागवतामुळे ते गुरू मराठी माणसाच्या ओळखीचे झाले. पृथ्वी, पाणी, सूर्य आहेत. हत्ती, हरीण, मासा, अजगर, कोळी आहेत. कबुतरही आहे, आणि ते नेमकं या अर्थाने, की जाळ्यात सापडलेल्या पिल्लांसाठी ते स्वतः जाळ्यात उडी घेतं, म्हणून अति जीव लावू नये. या यादीत कुत्रा नाही. ज्याच्या पायाशी चार कुत्री बसतात, त्याने कुत्र्याकडून धडा घेतल्याचं सांगितलं नाही. ती नुसतीच सोबत आहेत.

आणखी एक धागा याच नावात आहे. दत्त म्हणजे दिलेला. अत्री ऋषींना देवाने स्वतःलाच देऊन टाकलं, म्हणून तो दत्तात्रेय, असा अर्थ लावतात. ‘दत्तक’ हा शब्दही त्याच धातूचा. पण दत्तकविधान व्हायचं तर एक देणारा लागतो आणि एक घेणारा. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यातही प्रत्यक्ष देणं-घेणं झाल्यावाचून दत्तक पुरं होत नाही. माणसाच्या लेकराला दुसऱ्याच्या ओटीत घालणारं कोणीतरी असतं. बसस्टँडमागच्या खरजुल्या कुत्र्याला कोणी दिलेलं नसतं. ते नुसतं घेतलं जातं. आणि देणाराच नसल्यामुळे ते परत कोणाला करायचं, हाही मार्ग बंद असतो.

रस्त्यावर भाकर टाकणं त्या मानाने सोपं असतं. नामदेवांची गोष्ट कोणाला माहीत नाही? कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नको म्हणत. गोष्ट लोभस आहे, अद्वैताचा एवढा सोपा पाठ दुसरा नाही. पण ते कुत्रं दुसऱ्या दिवशी परत आलं का, त्याला गोचीडताप होता का, हे कथा सांगत नाही. सांगण्याचं तिला कारणही नाही.

दुसऱ्या दिवसाचा तो प्रश्न गांधीजींनी उकरून काढला. 1926 साली अहमदाबादेतले गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी आपल्या गिरणीच्या आवारातली साठेक भटकी कुत्री मारवली. पिसाळण्याची भीती होती. अहिंसेच्या शहरात गदारोळ उडाला. गांधीजींनी साराभाईंची बाजू घेतली आणि ‘नवजीवन’ व ‘यंग इंडिया’मध्ये त्यावर लेखमाला लिहिली. त्यांच्या म्हणण्याचा रोख असा होता, की वाटेवर तुकडा टाकून पुण्य जोडणं ही स्वस्त दया आहे. त्याने कुत्र्यांची अवस्था सुधारत नाही आणि माणसांचा धोका वाढतो. ज्याला खरी कणव आहे, त्याने कुत्रं पाळावं, नाहीतर ते सांभाळणाऱ्या संस्थेचा खर्च उचलावा. बेवारस कुत्रा हा कुत्र्याचा दोष नसून समाजाचा आहे. संतापलेल्या वाचकांची पत्रं महिनोन्महिने येत होती. दहा वर्षांनी, 1936 मध्ये, हाच माणूस यवतमाळच्या शेजारी, वर्धा नदीपलीकडच्या सेगावात राहायला आला. ते गाव पुढे सेवाग्राम झालं.

गांधीजींचा हा तर्क शंभर वर्षांनी न्यायालयाच्या दारात उभा राहिला. 11 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा म्हटलं. 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात बदल केला: नसबंदी करा, लस द्या, पिसाळलेली आणि हल्लेखोर सोडून बाकीची जिथून उचलली तिथेच सोडा, आणि खाऊ घालायचं तर नेमून दिलेल्या जागीच घाला. त्याच आदेशात एक छोटं कलम आहे, फारशा चर्चेत न आलेलं. प्राणिप्रेमींना स्थानिक संस्थेकडे अर्ज करून रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घेता येईल, मात्र ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांची. कागदावर का होईना, दत्तकाला एक देणारा मिळाला.

आता पुन्हा बाजेखाली. तिथे तत्त्वज्ञानाला वास येतो.

खरजेचे किडे कातडीच्या आत बिळं करून अंडी घालतात. त्यांचं चक्र दोन-तीन आठवड्यांचं, म्हणून एका इंजेक्शनाने भागत नाही. गोचिडातून येणारा ताप रक्तातल्या पेशींवर हल्ला करतो. त्याला डॉक्सिसायक्लिन, साधारण 28 दिवस, एकही चुकवायची नाही आणि दुधातूनही द्यायची नाही, कारण दुधातल्या कॅल्शियमने औषध अंगी लागत नाही. मग गोळी भाकरीच्या घासात दडवायची. तिसऱ्या दिवशी कुत्रं भाकर गिळतं आणि गोळी नेमकी बाजूला काढून ठेवतं. कापसाच्या मुलखात आणखी एक संकट असतं. घरात फवारणीचं औषध हाताशी असतं आणि ‘दोन थेंब लाव, गोचिडं खटकन मरतील’ असं सांगणारे भेटतात. कोणी गाडीचं जळालेलं ऑइल चोपडायला सांगतं. कुत्रं अंग चाटतं आणि विष पोटात जातं. 2017 च्या फवारणीच्या हंगामात याच जिल्ह्यात शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले होते. माणसाला जे झेपत नाही, ते दहा किलोच्या कुत्र्याला कुठून झेपणार?

तालुक्याच्या ढोरांच्या दवाखान्यातला डॉक्टर बैल, गाय, शेळी यांच्यात बुडालेला असतो आणि ते रास्तच आहे. पोळ्याला पूजा बैलाची, घास बैलाला. नेपाळात तिहारमध्ये एक दिवस कुत्र्यांच्या कपाळाला टिळा लावतात. आपल्याकडे कुत्र्याचा सण नाही. मोठी शस्त्रक्रिया निघाली, तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, दीडशे किलोमीटर. मुंबईत महालक्ष्मीला 2024 साली टाटा ट्रस्टचं पाच मजली रुग्णालय छोट्या प्राण्यांसाठी उघडलं, 165 कोटींचं. वणी-पुसदच्या कुत्र्याला त्याचा उपयोग बातमीपुरता.

यवतमाळात एक प्रश्न हमखास येतो आणि तो टाळता येत नाही. ज्या जिल्ह्याचं नाव देशाला शेतकरी आत्महत्यांमुळे कळलं, 2006 मध्ये ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं त्यांतला हा एक, तिथे कुत्र्याच्या औषधाला पैसे घालणं शोभतं का? आधी माणसं बघा ना.

याचं एक उत्तर वणीपासून जवळच, वर्धा नदी ओलांडून वरोऱ्याला आहे. बाबा आमट्यांनी तिथे माळरानावर आनंदवन सुरू केलं, तेव्हा सोबत काय होतं याची मोजदाद आजवर सांगितली जाते: खिशात चौदा रुपये, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि एक कुत्रा. ज्यांना टाकलं होतं अशांचं ते घर होतं आणि त्यात माणसाची रांग पुढे, जनावराची मागे अशी मांडणी नव्हती. त्याआधीची तुळशीरामाची हकीकतही प्रसिद्ध आहे. भर पावसात गटाराकाठी पडलेला, अंगात अळ्या झालेला कुष्ठरोगी बाबांनी पाहिला आणि ते घाबरून पळाले. मग त्या पळण्याचीच लाज वाटून परत आले. अनुकंपा तिथे पहिल्या झटक्याला आली नाही. आधी किळस आली.

अळ्यांचीच आणखी एक कथा बौद्ध परंपरेत आहे. तिबेटी ग्रंथांत ती आचार्य असंगाच्या नावे येते. चौथ्या शतकातला हा तत्त्वज्ञ मैत्रेयाच्या दर्शनासाठी बारा वर्षं गुहेत बसला. दर्शन झालं नाही. निराश होऊन बाहेर पडला, तर वाटेत एक कुत्री, मागचा भाग सडलेला, त्यात अळ्या. अळ्या काढाव्या तर त्या मरतील, न काढाव्या तर कुत्री मरेल. त्याने स्वतःच्या मांडीचं मांस कापून अळ्यांसाठी ठेवलं आणि त्या चिरडू नयेत म्हणून डोळे मिटून जिभेने उचलायला वाकला. जीभ जमिनीला लागली. समोर मैत्रेय उभा होता. इथेच तर होतो सारा वेळ, म्हणाला, तुला दिसत नव्हतो. मग असंगाने त्याला खांद्यावर घेऊन गावभर फिरवलं. गावाला खांद्यावर काहीच दिसलं नाही. एका म्हातारीला तेवढं कुत्रं दिसलं.

आजचा पशुवैद्य जखमेत टर्पेंटाइनचे थेंब सोडतो आणि वर आलेल्या अळ्या चिमट्याने वेचतो. असंगाचा पेच त्याला पडत नाही. पण घरच्या माणसाला पडतो, वेगळ्या रूपात. दया नक्की कोणावर करायची आणि कोणाच्या जिवावर?

भरत आणि धर्मराज यांच्यातला फरक इथे थोडा उलगडतो. भरताचं पाडस गोंडस होतं. पहिल्या क्षणापासून ते त्याला सुख देत होतं, म्हणून दया कधी संपली आणि माया कधी सुरू झाली हे त्याला कळलंच नाही. आजारी, टाकलेलं कुत्रं ही सोय देत नाही. ते शेपूट हलवत नाही, हात चाटत नाही, उलट गुरगुरतं. इमानाबद्दल कुत्र्याचं कौतुक करण्याची आपली रीत आहे. रायगडावरचा वाघ्या इतिहासातला की दंतकथेतला, यावर 2025 मध्येही भांडणं झाली, इतकं ते इमान आपल्याला प्रिय. पण बाजेखालच्या कुत्र्याने अजून कोणाशीच इमान राखलेलं नाही. त्याला गोळी द्यायची ती कशाच्याही बदल्यात नाही. पहिले काही आठवडे ते घर आपोआप धर्मराजाच्या बाजूला असतं, कारण भरत व्हायला तिथे काही नसतंच.

खरी कसोटी बरं वाटल्यावर येते. दीड-दोन महिन्यांत पाठीवर लव उगवते. एका सकाळी ते बाजेखालून बाहेर येऊन उंबऱ्यात बसतं, दुसऱ्या दिवशी शेपूट हलते, नाव ठेवलं जातं, मोती किंवा शेरू. म्हाताऱ्याने सांगितलेली माया नेमकी आता सुरू होते, म्हणजे गरज ओसरू लागल्यावर. आणि ती पुरती मुरते तोवर म्हातारपण येतं, नाहीतर दबलेला आजार उलटतो.

1928 मध्ये साबरमती आश्रमात एक वासरू असंच तडफडत होतं. उपाय सरले होते. गांधीजींनी डॉक्टर बोलावून, स्वतः समोर उभं राहून, त्याला विषाचं इंजेक्शन देववलं. पुन्हा वादळ उठलं. भोग आहेत ते भोगूनच संपतात, मध्ये पडणारे तुम्ही कोण, हा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही विदर्भातल्या कुठल्याही ओसरीवर ऐकू येतो. पांजरपोळांचा विचारही याच अंगाचा. 1832 मध्ये मुंबईत पोलिसांनी भटकी कुत्री मारायला सुरुवात केली, तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले आणि दंगल झाली. त्यानंतर दोन वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने मुंबईचं पांजरपोळ उभं राहिलं: जनावराला नैसर्गिक मरणापर्यंत सांभाळायचं. दुसरीकडे 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत, बरं न होणाऱ्या आजाराने पीडित कुत्र्याला पशुवैद्याच्या हातून वेदनेवाचून मरण देण्याची तरतूद आहे.

डॉक्टर हे सुचवतो त्या दिवशी घरातल्या माणसाला भरताचा प्रश्न सोडत नाही. आणखी चार दिवस हवेत ते त्याच्यासाठी की माझ्यासाठी? आणि तो लगेच हो म्हणाला, तरी प्रश्न उलटून येतोच: त्याच्या हालांतून कोणाला सुटका हवी आहे?

रतन टाटांबद्दल एक हकीकत त्यांचे स्नेही सांगत. 2018 मध्ये लंडनला राजवाड्यात सन्मान स्वीकारायला ते गेले नाहीत, कारण घरी कुत्रं आजारी होतं. टाटा समूहाच्या मुख्यालयात, बॉम्बे हाऊसमध्ये, त्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांना जागा करून दिली होती. ऑक्टोबर 2024 मध्ये ते गेले आणि त्यांच्या मृत्युपत्रात टिटो या कुत्र्याच्या सांभाळाची सोय असल्याच्या बातम्या आल्या. शेवटच्या घटकेला जनावराचा विचार, म्हणजे भागवताच्या हिशेबाने पुढचा जन्म ठरलेला. पण भरताने पाडसाची काळजी केली, व्यवस्था केली नाही. मृत्युपत्र लिहिणाऱ्याने आपल्या नसण्याचा हिशेब आधी मांडला आणि कुत्र्याला त्याच्या पलीकडे ठेवलं. याला माया म्हणावं की दया, हे म्हाताऱ्यालाही चटकन सांगता आलं नसतं.

तसबिरीशेजारच्या खिळ्याला कालनिर्णय लटकतं. एकादशीच्या चौकोनात उपासाची खूण आहे. तिच्या खाली कोणीतरी निळ्या बॉलपेनने लिहिलंय: ‘खरजेचं दुसरं इंजेक्शन.’ शेजारच्या चौकोनांत बारीक आडव्या रेघा आहेत, गोळी पोटात गेल्याच्या. एका चौकोनात रेघेऐवजी प्रश्नचिन्ह आहे. त्या दिवशी भाकर संपली होती आणि गोळी सापडली नव्हती.